आय-लीगचं नेमकं काय करायचं ठरवलंय ते तरी सांगा : बेळगावातून फुटबॉल फेडरेशनला खुलं पत्र

मा. अध्यक्ष कल्याण चौबे साहेब आणि ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनची समस्त कमिटी,
फुटबॉल हाऊस, द्वारका, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी बेळगावचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला, आणि सकाळी शिफ्टच्या आधी लेले ग्राउंडवर शेजारपाजारच्या पोरांना घेऊन फुटबॉल खेळायलोय. कोच वगैरे कुणी नाही मी, शिट्टी माझ्या गळ्यात असते म्हणून पोरं सर म्हणतात एवढंच. तुम्हाला रोज पत्रं येत असतील, इंडियाची टीम का हरते, रँकिंग कुठं जाऊन बसलं, आयएसएलचं, म्हणजे वरच्या इंडियन सुपर लीगचं, काय होणार, छेत्रीनंतर कोण. माझं त्यातलं काही नाही. मला विचारायचंय ते तुमच्या धाकट्या लीगबद्दल, जिला आम्ही अजून आय-लीगच म्हणतोय आणि जिचं नाव तुम्ही आता इंडियन फुटबॉल लीग केलंय. १९९६ ला नॅशनल फुटबॉल लीग होती, २००७ ला आय-लीग झाली, आता हे तिसरं बारसं. नाव बदलून किती फरक पडतो ते आम्हाला विचारा की साहेब, आमच्या गावाचं २०१४ च्या एक नोव्हेंबरला बदललं, पाट्या झाल्या नव्या, रस्त्यातले खड्डे अजून जुन्या नावावरच आहेत.

बेळगावकराचं या लीगशी नातं काय असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. आमचं गाव तसं मधोमध. चोर्ला घाट उतरलं की गोवा, हायवेनं निपाणीवरनं वर गेलं की कोल्हापूर, दोन्हीकडं शंभर-सव्वाशे किलोमीटर. आमचं राज्य असोसिएशन मात्र बेंगळूरात, पाचशे किलोमीटर लांब. त्यामुळं आमचा फुटबॉल वाढला तो गोव्याकडं बघत. आय-लीगचे पहिले सहा सीझन आठवा, धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सहाच्या सहा वेळा ट्रॉफी गोव्यात! त्याच्या आधी नॅशनल लीग होती तेव्हापण साळगावकर आणि धेंपोनं ती जिंकलेली. सकाळी तरुण भारत आला की आधी शेवटून उघडायचा, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर काल काय झालं ते बघायचं, आणि मग टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर रँटी मार्टिन्स भारी का ओडाफा भारी यावरनं भांडायचं. ती दोघं नायजेरियाची, क्लब गोव्याचे, भांडणारे बेळगावचे, आणि सगळं चाललेलं मराठीत. सुनील छेत्री पण धेंपोकडनं खेळलाय हे आता पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही, त्यांना छेत्री म्हटलं की निळी जर्सी आणि बेंगळूरच दिसतंय.

आणि बेंगळूरचं पण सांगतो. बेंगळूरू एफसी २०१३ ला आली ती याच लीगमध्ये, पहिल्याच वर्षी चॅम्पियन, २०१५-१६ ला परत चॅम्पियन, आणि २०१६ च्या नोव्हेंबरात एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलला गेली. भारतातला कुठला क्लब तोवर तिथवर पोचला नव्हता. फायनल इराकच्या टीमकडनं १-० हरली ती गोष्ट वेगळी, पण गेली होती आय-लीगचा क्लब म्हणून. पुढच्या वर्षी ती आयएसएलमध्ये गेली. लोक आता असं बोलतात की आय-लीग म्हणजे कायम दुय्यम दर्जाचं काहीतरी होतं, आणि ते ऐकून डोकं फिरतंय. ही लीग देशातली एकच लीग होती हो, सगळ्यात वरची. तिला खाली बसवली ती टेबलावर बसून कागदावर सही करून, मैदानावर काही हरल्यामुळं नाही.

तो इतिहास तुम्हाला मी काय सांगायचा. २०१० च्या डिसेंबरात फेडरेशननं पंधरा वर्षांचा करार केला, सातशे कोटींचा, सगळे हक्क देऊन टाकले, त्यातनं २०१४ ला आठ टीमची आयएसएल आली, २०१७ ला ती आय-लीगच्या बरोबरीनं चालायला लागली, आणि २०१९ ला क्वालालंपूरला रोडमॅप ठरला की आयएसएल वर आणि आय-लीग खाली. तेव्हा चौबे साहेब तुम्ही खुर्चीवर नव्हता, मान्य, तुम्ही आलात २०२२ च्या सप्टेंबरात. मधल्या काळात काय काय गेलं ते बघा. महिंद्रा युनायटेड बंद, जेसीटी बंद, ज्यांनी १९९६-९७ ची पहिली नॅशनल लीग जिंकलेली. पुणे एफसी, २०१२-१३ ला दोन नंबरला आलेली टीम, बालेवाडीला मॅचेस व्हायच्या, दोन वर्षांत संपली. २०१६ ला गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघांनी लीगच सोडली. मुंबई एफसी गेली, पुढं केंकरे येऊन गेली. २०२४-२५ च्या बारा टीममध्ये महाराष्ट्राची एक पण टीम नव्हती. आमच्या कर्नाटकची एससी बेंगळूरू होती, वर आली आणि एका वर्षात खाली गेली.

मी पैशाचं समजू शकतो. मशीन शॉपवाल्याला पण कळतंय की ऑर्डर नाही तर मशीन चालत नाही. पण पैसा नाही ही अडचण वेगळी आणि वेळच्या वेळी निर्णय न घेणं वेगळं, आणि आय-लीगची जी इज्जत गेलीय ती मला विचाराल तर ऐंशी टक्के या दुसऱ्या कारणानं गेलीय.

२०२४-२५ चा सीझन घ्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या मॅचेस झाल्या. टेबलावर चर्चिल ४० पॉइंट, इंटर काशी ३९. पण चॅम्पियन कोण? सांगता येईना! कारण जानेवारीत काशी आणि नामधारीची एक मॅच झालेली, त्यात नामधारीनं असा खेळाडू उतरवला जो यलो कार्डांमुळं बसायला पाहिजे होता. हा प्रश्न किती वेळाचा आहे साहेब? आमच्या गल्लीच्या टुर्नामेंटला पण टेबलावर एक माणूस वही घेऊन बसतोय, कुणाला किती कार्ड ते लिहितोय, आणि मॅचच्या आधी लिस्ट बघून सांगतोय की अकरा नंबर आज बाहेर. तुमच्याकडं तर सगळं कॉम्प्युटरवर आहे. बरं, झाली चूक, चालतंय. मग डिसिप्लिनरी कमिटीनं फेब्रुवारीत काशीला पॉइंट दिले, अपील कमिटीनं एप्रिलमध्ये ते काढून घेतले, चर्चिलला चॅम्पियन जाहीर केलं, काशीवाले स्वित्झर्लंडला क्रीडा लवादाकडं गेले, त्यात काशीच्याच एका परदेशी खेळाडूच्या रजिस्ट्रेशनवरनं दुसरं भांडण, आणि शेवटी १८ जुलै २०२५ ला लोझानमधनं निकाल आला की चॅम्पियन इंटर काशी.

एप्रिल ते जुलै. त्या मे महिन्यात, सुट्टीचे दिवस, सकाळी सहालाच ग्राउंडवर गर्दी, आमच्यातला एक पंधरा वर्षांचा पोरगा, लेफ्ट बॅक खेळतोय, बुटाची लेस बांधता बांधता मला विचारतो, "सर, आय-लीग जिंकलं कोण?" मी म्हटलं अजून ठरायचंय. तो म्हटला, "म्हणजे मॅच शिल्लक आहे?" म्हटलं नाही रे, मॅच सगळ्या झाल्या. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मलाच फुटबॉलमधलं काही कळत नाही. बाजूच्या पोरानं लगेच, "सर, मग टायब्रेकर घ्यायचा की." सगळी हसली, मी पण हसलो. नंतर गाडी चालवत कामावर जाताना वाटलं, या पोराच्या डोक्यात या लीगबद्दल पहिली पक्की झालेली गोष्ट कुठली, तर ही.

आणि त्याच्यावर कडी बघा. ज्या जुलैत काशीला वर आयएसएलमध्ये जायचं तिकीट मिळालं, त्याच जुलैत आठवडाभर आधी वरची लीगच थांबवली म्हणून पत्र आलेलं! पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार, नवा ठरलेला नाही, म्हणून आयएसएल होल्डवर. ऑगस्टमध्ये बेंगळूरू एफसीनं खेळाडूंचे पगार थांबवले. ऑक्टोबरात टेंडर काढलं, नोव्हेंबरात मुदत संपली तरी एक बोली आली नाही. शेवटी २०२६ च्या जानेवारीत क्रीडामंत्र्यांनी येऊन सांगितलं की फेब्रुवारीत सुरू होणार. तेव्हा सोशल मीडियावर आयएसएलचे फॅन जे बोलत होते ना, तारीख सांगा, दाखवणार कोण सांगा, आमच्या खेळाडूंचं काय होणार सांगा, ते वाचून मला वाईटपण वाटत होतं आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंपण. आय-लीगवाले दहा वर्षं हेच विचारत होते. २०१९ ला त्यांच्यातले कितीतरी क्लब तुमच्या सुपर कप स्पर्धेला गेले नाहीत, चर्चेला बोलवा एवढंच म्हणत होते, तेव्हा सगळे म्हटले ही रडी आहेत.

लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवलं म्हणून कुणी रागवत नाही साहेब, पण दुसरी पंगत बसली आणि वाढपी निघून गेले तर पाहुणा काय म्हणेल? आय-लीगचं तसं झालंय. दुसऱ्या नंबरची लीग म्हणून तिचा काही कमीपणा नाही, जगात सगळीकडं दुसरी लीग असते, तिथं पण लोक जातात, पोरं घडतात.

आता दिसण्याचं बोलूया, कारण तुम्ही लोक सारखं इमेज इमेज करता. ही लीग गेल्या काही वर्षांत कुठं कुठं दिसली, स्टारवर, मग डी-स्पोर्टवर, दूरदर्शनच्या स्पोर्ट्स चॅनलवर, युरोस्पोर्टवर, यूट्यूबवर, सोनीवर. दरवर्षी नवीन पत्ता. २०१८-१९ ला तर अर्धा सीझन झाल्यावर कळलं की इथनं पुढं सगळ्या मॅचेस दाखवणार नाहीत, निवडक दाखवणार. प्रेक्षकाला सवय लागायला पाहिजे हो, शनिवारी चार वाजले की इथं लावायचं, अशी. आम्ही चौघं-पाच जण कधीकधी मशीन शॉपच्या मागच्या शेडमध्ये मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून मॅच बघतो. कॅमेरा एका बाजूनं, उंची कमी, आणि बॉल अलीकडच्या टचलाइनला आला की गायब, नुसती डोकी दिसतात, मग डोकी पळायला लागली की ओळखायचं थ्रो-इन झाला. एकदा तर गोल झाला तेव्हा स्क्रीनवर आधीच्या चान्सचा रिप्ले चालू होता. आम्हाला गोल कळला तो स्कोअर बदलल्यावर, आणि तोही आधी चुकीच्या टीमला लागला, मग दुरुस्त झाला. आमच्यातला एक लेथवाला म्हणाला, "काय बे हे, आमच्या पोराच्या गॅदरिंगचं शूटिंग याच्यापेक्षा बरं असतंय." स्टेडियममध्ये लाइट नाहीत म्हणून दुपारी मॅच, दुपारी मॅच म्हणून स्टँड रिकामं, स्टँड रिकामं दिसलं की स्पॉन्सर म्हणतो कोण बघतंय हे, स्पॉन्सर नाही म्हणून लाइट नाहीत. हे चक्र कुठनंतरी तोडायचं असेल तर ते तुमच्याकडनं तुटणार, क्लबकडनं कसं तुटणार.

"लोकच येत नाहीत" हे वाक्य मात्र कृपा करून परत बोलू नका. तुम्ही कधी कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच बघायला आलाय काय? नसाल तर या, सांगून नका येऊ, नाहीतर तुम्हाला सोफ्यावर बसवतील. मातीच्या उतारावर बसा. मॅच चारला असली तरी जेवून दुपारीच माणसं जागा धरून असतात, टोपी घातलेले म्हातारे, कडेवर पोरगं घेतलेले बाप, आणि प्रत्येकाला रेफ्रीपेक्षा जास्त कळतंय. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, या सगळ्या पेठांच्या नाहीतर तालमींच्या टीम, आय-लीग नाही, आयएसएल नाही, टीव्ही नाही, तरी स्टेडियम भरतंय. हुल्लडबाजी पण होते, खोटं नाही बोलणार, कधी मॅच थांबवायला लागते, पोलिसांना यायला लागतंय. पण उदासीनता म्हणतात ती तिथं औषधाला सापडणार नाही. तिथनं पुढं गडहिंग्लज घ्या, केवढं छोटं गाव, दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या ग्राउंडवर टुर्नामेंट असते, फराळ करून अख्खं गाव मॅचला. सीमाभागातली आम्ही माणसं भाऊबीज उरकून तिकडं जातो, घरात बोलणी खातो, तरी जातो.

म्हणजे माणूस टीमच्या मागं कधी जातोय? टीम त्याच्या गल्लीची असते तेव्हा. आता तुमची लीग बघा, २०२४-२५ चीच घ्या. इंटर काशी, नाव वाराणसीचं, होम मॅचेस बंगालात कल्याणीला. दिल्ली एफसी, नाव दिल्लीचं, मॅचेस पंजाबात माहिलपूरला. मला सांगा वाराणसीच्या पोरानं घाटावरनं कल्याणीला जायचं काय? उलट जिथं क्लब आपल्या गावात आहे तिथं बघा, शिलाँगला लाजाँगची मॅच, श्रीनगरला रियल काश्मीरची, कोळिकोडला गोकुलमची. २०१७ ला ऐझॉल चॅम्पियन झाली, शेवटच्या दिवशी शिलाँगला लाजाँगशी १-१ बरोबरी करून, आदल्या वर्षी जी रेलिगेट होऊन खाली गेलेली आणि गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून परत आत घेतलेली टीम. कोच खालिद जमील, तोच आता इंडियाचा कोच. त्या गोष्टीवर दुसऱ्या कुठल्या देशानं दहा वर्षं पोट भरलं असतं. आपल्याकडं काय झालं, ट्रॉफीवरची धूळ बसायच्या आत चॅम्पियनलाच विचारायला लागलं की पुढच्या वर्षी आमची जागा कुठं. आणि दर्जाचं म्हणाल तर २०२२ च्या मे महिन्यात गोकुलमनं एएफसी कपला एटीके मोहन बागानला कोलकात्यातच ४-२ नं हरवलं. आय-लीगचा चॅम्पियन, समोर आयएसएलची तगडी टीम. तेव्हा आमच्या ग्रुपवर जो दंगा झाला तो वर्ल्ड कपला पण झाला नव्हता.

एक गोष्ट जरा दबक्या आवाजात बोलायची असते, पण बोलतो. मार्च २०२४ मध्ये साहेब तुम्हीच सांगितलंत की आय-लीगच्या काही खेळाडूंना फिक्सिंगसाठी गाठायचा प्रयत्न झालाय. बोललात ते चांगलं केलंत, दडपलं नाही. पण त्याचं पुढं काय झालं ते तेवढ्याच मोठ्या आवाजात सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचायला पाहिजे होतं. नाहीतर होतंय काय, पुढच्या मॅचला गोलकीपरच्या हातातनं साधा बॉल सुटला तरी मागनं कोणतरी म्हणतंय "सेट आहे रे". बावीस-तेवीस वर्षांचा गोलकीपर, पगार वेळेत मिळेल का नाही याची खात्री नाही, आणि वर हा शिक्का. पगार वेळेत होतोय का नाही हे बघणं हा फिक्सिंग रोखायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे असं माझ्यासारख्याला वाटतंय.

आता आमच्या भागाचं थोडं, रागवू नका. सीमाभाग म्हटलं की दिल्लीवाल्यांना कोर्टातला दावा आठवतोय. माझा मुद्दा तो नाही, तो चालायचा तसा चालतोय. फुटबॉलपुरतं सांगतो. बेळगावचा, खानापूरचा, निपाणीचा पोरगा चांगला निघाला तर त्यानं जायचं कुठं? रजिस्ट्रेशन कर्नाटकात, म्हणजे बेंगळूर. रात्रीच्या गाडीनं जायचं, सकाळी उतरून ट्रायल द्यायची, झोप नाही झालेली, भाषा जेमतेम, आणि संध्याकाळी परत फिरायचं. कोल्हापूर दोन-अडीच तासावर आहे, तिथं नातेवाईक आहेत, भाषा आपली, तालमीवाले बोलवतात पण, पण राज्य बदललं की तो बाहेरचा, ऑनलाइन सिस्टिममध्ये ट्रान्स्फर, एनओसी, फी. गोव्याचं पण तेच. कागद पूर्ण होईपर्यंत अर्धा सीझन जातोय, आणि बापाचा उत्साह त्याच्या आधी जातोय. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, मग फेडरेशनच्याच पोरांच्या टीमकडनं, इंडियन अ‍ॅरोजकडनं, याच आय-लीगमध्ये खेळला, तेव्हा आमच्याकडच्या पोरांना पहिल्यांदा दिसलं की आपल्यासारखं बोलणारा माणूस तिथं पोचू शकतोय. अ‍ॅरोज टीम हरायची जास्त, पण विशीच्या आतल्या पोरांना मोठ्या लीगमध्ये मिनिटं मिळायची. २०२२ ला ती पण बंद केली. हातात व्हिजन २०४७ नावाचा आराखडा दिला. साहेब, २०४७ ला माझा लेफ्ट बॅक सदतीस वर्षांचा असेल.

तेव्हा मागायचंय ते फार नाही, आणि यातल्या अर्ध्या गोष्टींना पैसेपण लागत नाहीत. सीझन चालू असताना कुठलीही तक्रार आली की तिचा निकाल, अपील धरून, किती दिवसांत लागणार ते नियमात लिहा आणि शेवटच्या राउंडच्या आधी सगळं मिटवा. कोण सस्पेंड आहे त्याची लिस्ट प्रत्येक राउंडच्या आदल्या दिवशी वेबसाइटवर टाका, सगळ्यांना दिसेल अशी, म्हणजे लोझानपर्यंत जायची वेळच येणार नाही. क्लबला लायसन्स देताना होम ग्राउंड स्वतःच्या गावात पाहिजे म्हणा, नसेल तर किती वर्षांत करणार ते लिहून घ्या. मॅच यूट्यूबवर फुकट दाखवा, पण तिथंच दाखवा, पुढच्या वर्षी पण तिथंच, आणि दोन कॅमेरे तरी लावा, एक उंचावर. खालून वर जाणं आणि वरून खाली येणं दोन्ही चालू ठेवा, वरच्यांना खाली यायची भीती नसेल तर खालच्याच्या वर जाण्याला काय किंमत. सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या अठराच्या आतल्या पोरांना शेजारच्या राज्यात खेळायला ट्रान्स्फरची फी माफ करा, एवढी एक सूट द्या, कारण घर आणि ग्राउंड दोन राज्यांत असणारी पोरं देशभर असतील, आमच्याकडंच आहेत असं नाही. आणि शक्य झालं तर वर्षातनं एखादी आय-लीगची मॅच न्यूट्रल ग्राउंडवर ठेवा, कोल्हापूरला ठेवा, आमच्याकडं ठेवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, कॅन्टोन्मेंट आहे, शाळाशाळांत फुटबॉल आहे, माणसं येतील. नाही आली तर मला फोन करून शिव्या द्या.

आणि फिक्स्चर. ते जरा आधी काढा हो. आमच्या पोरांना गोव्याला धेंपो आणि चर्चिलची मॅच दाखवायला न्यायचं डोक्यात आहे, धेंपो २०२४ ला परत आली ना लीगमध्ये, ही पोरं माझ्याकडनं त्यांची नावं ऐकून ऐकून कंटाळलीत. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची तर महिनाभर आधी तारीख लागते, पावसात चोर्ला घाट नको म्हणतात ड्रायव्हर, पालकांच्या सह्या घ्यायच्या, मला सुपरवायझरकडनं सुट्टी घ्यायची. चार दिवस आधी तारीख आणि दोन दिवस आधी ग्राउंड बदललं असं झालं तर अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही. तेवढं एक बघा.

आपला,
बेळगावातला एक प्रेक्षक
(पोरांच्यात 'शिट्टीवाले सर')